पट्टी, तक्ता आणि चौकोन

एका गावात एक पान होतं. झाडाचं नव्हे, मोबाईलवरचं. गावाचं नाव हरणाळ. नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी हरणाळच्या नदीत होड्यांच्या शर्यती व्हायच्या, आणि त्या दिवशी अख्खं गाव त्या पानावर डोळे लावून बसायचं.

पूर्वी शर्यतीची खबर लाउडस्पीकरवरून मिळायची. म्हणजे खरं तर मिळायचीच नाही. एक संघ म्हणे आमचं नाव पुकारलंच नाही. दुसरा म्हणे पुकारलं, पण वारं उलटं होतं. मागच्या वर्षी तर दोन संघांनी वल्ही पाण्यात मारायची सोडून एकमेकांवर उगारली. तेव्हा मुख्य पंच बापूसाहेब चौगुले वैतागून म्हणाले, "पुरे झालं आता. हितनं पुढं बोंबलायचं न्हाई. दाखवायचं."

मग त्यांनी अभिनंदन मगदूमला बोलावलं. हा गावचाच मुलगा, शहरात वेबसाइटी बनवायचा. पोरगा हुशार, हाताला वेग, आणि त्या वेगाचा त्याला भारी अभिमान. पान बनवायला सांगितलं तेव्हा त्यानं किती दिवस लागतील ते सांगितलं नाही, नुसता हसला.

पान मात्र झकास झालं, हे मान्य करायलाच हवं. वरती मोठ्या अक्षरांची पट्टी होती. आता कोणत्या होड्यांनी तयार राहायचं ते पट्टीवर दिसायचं. मध्ये तक्ता होता, कोणत्या फेरीत कोणत्या होड्या ते सांगणारा. खाली प्रत्येक होडीचा एकेक चौकोन होता. त्यात संघाचा फोटो आणि 'तुमची फेरी अमुक' अशी ओळ.

पान स्वतःच्या डोक्यानं काहीच ठरवत नसे. सगळं ठरायचं सर्व्हरवर, म्हणजे जो कॉम्प्युटर सगळ्यांना पान पुरवतो त्याच्यावर. तिथे काही बदललं की सर्व्हर पानाचा तेवढाच तुकडा नव्यानं तयार करायचा आणि काठावरच्या सगळ्या मोबाईलवर धाडायचा. जुना तुकडा निघे, नवा बसे, बाकीचं पान जागचं हलत नसे. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम फत्ते व्हायचं.

त्या वर्षी आणखी एक नवीन गोष्ट होती. आंबी गल्लीतल्या शेवंता आंबीनं बायकांची होडी उतरवायचं ठरवलं होतं. शेवंताच्या वडिलांची, पूल व्हायच्या आधी, या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी नाव होती. शेवंता चालायला लागली तशी वल्हवायलाही लागली. तिनं गल्लीतल्या लेकी-सुना गोळा केल्या, जुनी होडी डांबर लावून नवी केली आणि तिचं नाव ठेवलं बिजली.

पंचांत यावरून चांगलीच जुंपली. कुणी म्हणालं बायकांना जमायचं नाही, कुणी म्हणालं वेळेवर यायच्या नाहीत, आवरण्यातच फेरी निघून जाईल. शेवटी बापूसाहेबांनी तोड काढली. बिजलीला घ्यायचं, पण एका अटीवर. तिसरी शिट्टी होईपर्यंत होडी सुरुवातीच्या दोराला लागली नाही, तर ती बाद, आणि पुढं बायकांच्या होडीचा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही.

"चालंल," शेवंता म्हणाली. "दोराला लागायचं काम आमचं. मग पाणी बोलंल काय ते."

आदल्या दिवशी संध्याकाळी नदीकाठच्या पंचांच्या मांडवात पानाची रंगीत तालीम झाली. बापूसाहेब खुर्ची ओढून बसले, बाकीचे पंच मागे उभे राहिले. अभिनंदननं तक्त्यातली एक होडी या फेरीतून त्या फेरीत नेली आणि बटण दाबलं. सगळ्यांच्या मोबाईलवरचा तक्ता क्षणात बदलला. पंच अवाक झाले. एकजण तर आपला मोबाईल उलटा करून मागे बघायला लागला.

त्याच वेळी अभिनंदनला दिसलं. तक्ता बदलला होता, पण वरची पट्टी जुनंच सांगत होती. खालचा चौकोनही जुनाच. त्यानं तक्त्याचं बटण दाबलं होतं, म्हणून सर्व्हरनं तक्त्याचाच तुकडा धाडला होता. बाकी दोघांना कुणी काही कळवलंच नव्हतं.

आता हे दुरुस्त करायला रात्र पुरली असती. पण मागे पंच वाहवा करत होते, आणि असल्या वेळी 'जरा थांबा, यात खोट आहे' असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्यानं पान हळूच पहिल्यापासून पुन्हा उघडलं. तिन्ही जागा बरोबर झाल्या. एवढ्यानं भागतंय की, तो मनाशी म्हणाला, आणि लॅपटॉप मिटून चहाला गेला.

रविवार उजाडला. काय गर्दी होती सांगू. पुलावर माणूस, घाटावर माणूस, बाभळीच्या फांद्यांवरसुद्धा माणूस. हलगी घुमत होती. भज्यांच्या कढया पेटल्या होत्या. मांडवाशेजारी पडदा लावून त्यावर पानाची ती वरची पट्टी भली मोठी करून दाखवली होती, म्हणजे लांबच्यालाही वाचता यावी.

बापूसाहेबांनी माईक घेतला आणि त्या दिवसाचं पहिलं आणि शेवटचं पुकारायचं म्हणून पुकारलं. "आज पान सांगंल तेच खरं. नंतर कुणी कागाळ्या घेऊन यायच्या न्हाईत." मग त्यांनी माईक अभिनंदनकडे दिला. अभिनंदन ऐटीत म्हणाला, "आणि मंडळी, कुणी काही दाबायची गरज नाही. पान आपोआप बदलतं. तुम्ही फक्त बघत राहा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही टाळी त्याला दुपारी महाग पडणार होती.

बिजली पाचव्या फेरीत होती. बायका नदीच्या वळणापलीकडे, होड्यांच्या शेडपाशी सावलीला बसल्या होत्या. तिथून दोर दिसत नव्हता, पण पाण्यातून दोराला यायला फार वेळ लागत नव्हता. शेवंताची धाकटी जाऊ मालन मोबाईल धरून बसली होती. ती एकसारखी बघत होती, आणि शेवंता एकसारखी विचारत होती.

पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला तीन होड्या होत्या, त्यातली एक भैरवनाथ. पाण्यात उतरवताना तिची फळी दगडावर आदळून फुटली. भैरवनाथचे गडी डोकं धरून बसले. पंचांनी आपसांत बोलून निर्णय घेतला की भैरवनाथच्या जागी पाचव्या फेरीतली बिजली आणायची.

"चढव पानावर," बापूसाहेब म्हणाले.

अभिनंदननं तक्त्यात भैरवनाथ काढलं, बिजली घातलं, बटण दाबलं. काठावरच्या प्रत्येक मोबाईलवर तक्ता चटकन बदलला. अभिनंदन पुढच्या कामाला लागला.

शेडपाशी मालननं मोबाईल बघितला. वरच्या पट्टीवर होतं, तिसरी फेरी, भैरवनाथ. मालन मूळची सावध. तिनं खाली सरकून आपल्या होडीचा चौकोनही बघितला. त्यात होतं, तुमची फेरी पाचवी.

"काय म्हणतंय?" शेवंतानं विचारलं.

"दोन्हीकडं बघितलं, अक्का. आपली पाचवीच हाय. सावकाश चला."

मधला तक्ता लांबलचक होता, सगळ्या फेऱ्यांचा. तो कोण वाचत बसतंय. जे आपल्याला थेट सांगत होतं ते त्या बाईनं दोनदा वाचलं होतं. तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

दोरापाशी पहिली शिट्टी झाली. दोन होड्या हजर, तिसरी जागा रिकामी. शेडपाशी शिट्टी ऐकू आली, पण ती तिसऱ्या फेरीची, आपली नव्हे. बायका शेंगा सोलत राहिल्या.

दुसरी शिट्टी झाली. काठावरच्यांनी तक्त्यात बिजलीचं नाव वाचलं होतं, त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. पाठोपाठ हसणं आलं. "आरसा सापडंना वाटतं," कुणीतरी म्हणालं, आणि बाकीचे खिदळले. मांडवातले जे पंच आधीपासून नाराज होते त्यांनी बापूसाहेबांकडे असं बघितलं की बापूसाहेबांची मान खाली गेली. ते नुसतं म्हणाले, "मी म्हटलं हुतं त्यास्नी. येळेत या म्हणून."

अभिनंदननं मान वर केली. रिकामी जागा बघितली, मग पडदा बघितला. पडद्यावर भली मोठी अक्षरं होती: तयार राहा, भैरवनाथ. कालची खोट आज नदीकाठी सगळ्यांसमोर उभी होती, आणि अजून एकालाही ती दिसली नव्हती.

खरी परीक्षा इथे होती, तीही फार सोपी. लॅपटॉपवरचं एक बटण दाबलं की पुरे होतं. सर्व्हरवरून एका हुकमानं सगळ्यांचं पान नव्यानं उघडलं असतं. पट्टी बरोबर, तक्ता बरोबर, चौकोन बरोबर. पुराव्याचा मागमूसही राहिला नसता. बायका म्हणाल्या असत्या की आम्हाला पाचवी दिसली. लोक म्हणाले असते, हे बघा, पानावर तिसरी लिहिलंय की, बहाणे कशाला करता. बिजली बाद झाली असती आणि अभिनंदनच्या नावाला डागही लागला नसता.

त्याचं बोट बटणावर गेलंसुद्धा होतं. मी खोटं कशाला सांगू, बोट तिथं चांगलं दोन श्वास रेंगाळलं. समोर बापूसाहेब तिसरी शिट्टी ओठांना लावत होते.

अभिनंदननं बटण सोडलं आणि माईक उचलला.

"शिट्टी वाजवू नका, बापू," तो म्हणाला. आवाज लाउडस्पीकरवरून नदीपार गेला. "बिजलीची चूक नाही. माझी आहे. पडद्याकडे बघा सगळे. वरती भैरवनाथ आहे. आता मोबाईलवर मधला तक्ता बघा, तिथं बिजली आहे. एकाच पानावर दोन गोष्टी लिहिल्यात. मला ही खोट काल संध्याकाळीच दिसली होती. मी गप्प बसलो."

काठावरचे सगळे मोबाईलमध्ये वाकले. खरंच, वर एक होतं आणि मध्ये एक.

एक पंच म्हणाले, "पर बापू, नियम म्हंजे नियम. दोन शिट्ट्या झाल्यात."

बापूसाहेबांनी ओठांवरची शिट्टी काढली आणि खिशात घातली. "सकाळी मीच म्हटलं, पान सांगंल तेच खरं. आता पानच दोन सांगतंय. म्हंजी आपुनच दोन तोंडानं बोललो. दोन तोंडानं बोलणाऱ्यानं दुसऱ्याला शिट्ट्या मारायच्या नसत्यात." मग ते अभिनंदनकडे वळले. "आणि तू रं. लग्नाची तारीख बदलली आणि निरोप फकस्त मांडववाल्याला दिला, तर आचारी कवा येणार? आणि नवरदेव?"

"चुकलो, बापू."

"चुकलास ते कळलं सगळ्या गावाला. आता नीट कर. पान एका तोंडानं बोलंपर्यंत शर्यत थांबली."

म्हणजे बघा, अख्खी नदी थांबली. हलगी थांबली. पुलावरची माणसं कठड्यावरून वाकून मांडवाकडे बघायला लागली, जणू होड्या तिथंच पळणार होत्या. एक भजीवाला तेवढा खूश झाला.

लाउडस्पीकरवरचं सगळं शेडपर्यंत पोचलं होतं. बिजली वळणावरून जी सुसाट आली ती थेट दोराला लागली. शेवंता काठावर उतरली आणि ओल्या पायांनी मांडवात आली. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"काल दिसलं हुतं तुला?" तिनं विचारलं.

"हो, मावशी."

"आणि आज बोललास कशापायी? गप बसला असतास तर कुणाला कळलं असतं?"

"तुम्हाला कळलं असतं," अभिनंदन म्हणाला. "तुम्ही दोनदा वाचलं असणार. आणि तुमच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता."

शेवंता खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. "कर नीट. मी हाय हितं बसलेली."

एकानं सुचवलं की वरची पट्टी काढूनच टाक, कटकट मिटेल. अभिनंदननं नाही म्हटलं. लांबच्या म्हाताऱ्यांना तेवढीच वाचता येत होती. दुसरा म्हणाला, प्रत्येक वेळी सगळं पान नव्यानं धाड. पण त्यात साऱ्या संघांचे फोटो होते, आणि एवढ्या गर्दीत नेटवर्क आधीच धापा टाकत होतं. अर्ध्यांना पान मिळालं असतं आणि अर्ध्यांना नुसतं गोल फिरणारं चाक.

मग त्यानं मुळाशी हात घातला. आतापर्यंत कोणतं बटण दाबलं ते बघून सर्व्हर त्याच जागेचा तुकडा धाडत होता. आता त्यानं सर्व्हरला वेगळं शिकवलं. बटण कुठलंही असो, खरी गोष्ट कोणती बदलली ते बघायचं. कोणती होडी कोणत्या फेरीत, ही गोष्ट एकाच ठिकाणी ठेवायची. ती बदलली की जिथं जिथं ती सांगितली आहे, त्या सगळ्या जागांचे तुकडे त्याच एका ठिकाणावरून बनवायचे. पट्टीचा, तक्त्याचा, चौकोनाचा. आणि तिन्ही एकाच गाठोड्यात बांधून धाडायचे. प्रत्येक तुकड्यावर त्याच्या जागेचं नाव. गाठोडं मोबाईलवर सुटलं की जो तो आपापल्या जागी जाऊन बसणार, आणि बाकीचं पान जागचं हलणार नाही.

बोटं भराभर चालत होती. कपाळावरून घाम टपकत होता. या वेळी वेगाची ऐट नव्हती. प्रत्येक ओळ तो थांबून पुन्हा वाचत होता.

"झालं," शेवटी तो म्हणाला. "मावशी, मोबाईल हातात धरा. पट्टी, तक्ता, चौकोन. तक्ता मी पहिल्यासारखा करून ठेवलाय. आता बिजलीला पुन्हा तिसऱ्या फेरीत घेतो."

शेवंतानं मालनचा मोबाईल घेतला, मालननं दुसरीचा, दुसरीनं नवऱ्याचा. अभिनंदननं बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं पलटली: तयार राहा, बिजली. त्याच क्षणी तक्त्यात बिजली, त्याच क्षणी चौकोनात 'तुमची फेरी तिसरी'. काठावर एकदम 'हां' असा आवाज उठला. हजार मोबाईलांवर एकच गोष्ट एकाच वेळी पलटली होती. हलगीवाल्यानं न सांगता टिपरी मारली.

शेवंता उठली. "आता पटलं," ती म्हणाली, आणि होडीकडे पळाली.

मग जी शर्यत झाली तिची गंमत काय सांगावी. तिसऱ्या फेरीत बिजली दुसरी आली, पण पुढे जायला दुसरी पुरत होती. शेवटच्या फेरीत चार होड्या दोराला लागल्या. शिट्टी झाली आणि पाणी उसळलं. सुरुवातीला बिजली मागे पडली. शेवंता सुकाणूवर उभी राहून ताल देत होती, आणि बायकांची वल्ही एका वेळी पाण्यात जात होती, एका वेळी बाहेर येत होती. पुलाच्या अलीकडे त्यांनी एकीला गाठलं, मग दुसरीला. मघाशी आरशाचा विनोद करणारा गडी आता कठड्यावर चढून 'मार बिजली, मार' म्हणून ओरडत होता. पुलाखाली दोन होड्या जोडीनं घुसल्या आणि जोडीनं बाहेर आल्या.

कोण जिंकलं? कुणालाच कळलं नाही. पुलावरच्या कॅमेऱ्यानं काढलेलं चित्रण पंच पुन्हा पुन्हा बघायला लागले. अखेर बापूसाहेब अभिनंदनच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले.

अभिनंदननं नाव घातलं. बटण दाबायच्या आधी पुन्हा एकदा वाचलं. मग दाबलं.

बिजली अजून पाण्यातच होती. मालननं कमरेचा मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढला आणि किंचाळायला तोंड उघडलं.

"थांब," शेवंता म्हणाली. तिचे हात सुकाणूच्या दांड्यावर घट्ट होते. "वरच्या पट्टीत काय हाय?"

"विजेती बिजली."

"तक्त्यात?"

"पहिली बिजली."

"आपल्या चौकोनात बघ."

मालनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिला नीट दिसेना. तिनं पदरानं मोबाईल पुसला. "तेच हाय, अक्का. तिन्हीकडं तेच हाय."

तेव्हा शेवंतानं सुकाणू सोडलं. ती मटकन होडीच्या फळीवर बसली आणि सगळ्यांदेखत रडली, हसत हसत रडली. काठावर काय जल्लोष झाला तो विचारू नका. मांडवात बापूसाहेबांनी अभिनंदनच्या पाठीवर अशी थाप मारली की लॅपटॉप पडता पडता राहिला. "पुढच्या वर्षाला बायकांच्या किती होड्या धरायच्या?" त्यांनी नाराज पंचांना विचारलं. ते पंच मान खाली घालून मोबाईल बघत होते, पट्टी, तक्ता आणि चौकोन, तिन्ही.

तात्पर्य: खरी गोष्ट बदलली, तर ती जिथे जिथे सांगितली आहे तिथे सगळीकडे एकाच वेळी बदलावी. एका जागी खरं आणि दुसऱ्या जागी शिळं ठेवणारा, भरवसा ठेवणाऱ्यालाच खोटं पाडतो. आणि अशी चूक हातून झालीच, तर ती गुपचूप पुसू नये, सगळ्यांसमोर सांगून मग दुरुस्त करावी.